भगवाननं न सांगितलेला अंदाज

भगवान गेल्याचं कळलं तेव्हा मी वैजापूरच्या मार्केट यार्डात होतो. आमच्या वर्कशॉपनं बनवलेलं कांदा प्रतवारीचं यंत्र एका अडत्याच्या शेडमध्ये अडलं होतं. शालनवहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा फोन आला. "मधूभाऊजी, हे गेले सकाळी... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. मी परत आत जाऊन यंत्राचा पट्टा ओढून बसवत राहिलो. रडू आलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

इंजिनिअरिंगला आम्ही एका खोलीत राहिलो. त्याचे वडील मेंढ्या घेऊन वर्षातले कितीतरी महिने रानोमाळ असत. भगवाननं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईत तेल कंपनीच्या मुलाखतीला गेला तेव्हा. पुढं खोल समुद्रातल्या विहिरींसाठी कुठली यंत्रणा घ्यायची हे ठरवणाऱ्यांत तो जाऊन बसला. पण सुट्टीत आमच्या शहरात, पुंडलिकनगरच्या घरी आला, की बजाजनगरला माझ्या वर्कशॉपमध्ये चक्कर ठरलेली. अशाच एका भेटीत त्यानं ते काम आणलं. समुद्राच्या तळाशी विहिरीच्या तोंडावर मोठ्या झडपा असतात. वरच्या प्लॅटफॉर्मवरून लांबलचक नळीतून तेलाचा दाब सोडला, की एक सिलिंडर सरकतो आणि झडप उघडते. हा सिलिंडर परदेशातून यायचा. "तू बनव की," भगवान म्हणाला. "लई काम हाय समुद्रात. तुझी हयात जाईल, पण काम सरणार नाय."

आम्ही बनवला. खाऱ्या पाण्याच्या टाकीत तो पुन्हा पुन्हा गळला, आणि अखेर टिकला. त्या दिवशी भगवान कामगारांमध्ये बसून जेवला होता. हळूहळू मी मोटारसायकलच्या सुट्या भागांचं जुनं काम सोडलं. नवी मोठी मशीन घ्यायच्या आधी त्याला मुद्दाम विचारलं, पुढं बाजार कसा राहील? वाढंल, म्हणाला. मशीनचा नारळही त्यानंच फोडला...

मग काही महिन्यांतच मुंबईतली ती परिषद. पुरवठादार म्हणून मलाही बोलावणं होतं. समुद्रातल्या तेलाचं भवितव्य या विषयावर भगवान बोलणार म्हणून मी पुढच्या रांगेत बसलो. त्यानं शांतपणे सांगितलं, की यापुढं नव्या विहिरींच्या झडपा तेलाच्या दाबावर चालणार नाहीत, तळाशी विजेच्या मोटारी बसतील, आणि त्याच्या कंपनीनं हा निर्णय वर्षापूर्वीच घेतलाय. बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर पडली. तो पाणी प्यायला आणि पुढच्या आलेखाकडं वळला.

चहाच्या वेळी मी एवढंच विचारलं, "नारळ फोडलास तेव्हा तुला माहीत होतं?"

"व्हय." तो कपाकडं बघत होता. "जुन्या विहिरींना तुझे सिलिंडर अजून लागत होते, मधू. तुला सांगितलं असतं तर तू दुसरं काम धरलं असतंस. मग मी कुठून आणणार होतो?"

तंत्र बदलतं, बाजार फिरतो, त्याचा राग मी कधीच धरला नाही. पण मी मित्राला विचारलं होतं, आणि उत्तर मात्र कंपनीच्या साहेबानं दिलं होतं. त्यानंतर ऑर्डरी आटत गेल्या. हाताखाली शिकून तयार झालेली माणसं एकेक करून दुसरीकडं गेली. कांद्याच्या यंत्रांवर वर्कशॉप पुन्हा उभं राहायला फार काळ गेला. भगवानच्या घरी मी नंतर पाऊल टाकलं नाही. त्यानंही बोलावलं नाही.

दहावं झाल्यावर पुंडलिकनगरला गेलो. वहिनींनी त्याच्या खोलीत नेलं आणि खिडकीजवळच्या त्याच्याच वेताच्या खुर्चीत बसवलं. निवृत्तीनंतर दिवसभर तो तिथं पाय वर घेऊन उकिडवा बसायचा म्हणे, रानात बसावं तसा. खुर्चीचा वेत पुढच्या कडेला खचलेला होता, बसलं की माणूस आपोआप पुढं झुकायचा. खुर्चीच्या पाठीवर त्याचा करडा स्वेटर तसाच होता.

वहिनी चहा घेऊन आल्या. हलकेच म्हणाल्या, "ते सांगायचे, मधूला माझी बढती सोसली नाही, म्हणून त्यानं येणं सोडलं... खरं का हो, भाऊजी?"

म्हणजे या घरात इतकी वर्षं मी असा होतो. सगळं सांगून टाकावं असं ओठावर आलं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या, त्यांचा हात नकळत त्या स्वेटरवर फिरत होता.

"कामात अडकलो होतो, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मग आता येत जा."

चहा संपेस्तोवर मी त्या खचलेल्या कडेवर तसाच पुढं झुकून बसून राहिलो.