नानानं खटलं

पिंपळनेरचे पंडित नाना एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, पण रस्त्यावरून चालायचे ते अजून गाडी हातात असल्यासारखेच. समोर कोणी आलं की हॉर्न द्यावा तसे खाकरायचे. बायकोशी, बेबाबाईंशी, बोलायचे तेही मागच्या सीटवरच्या प्रवाशाशी बोलावं तसं, मान न वळवता. बेबाबाई ‘हो’ म्हणायच्या. एवढ्या संसारात त्यांना दुसऱ्या शब्दाची गरज पडली नाही, असं नानांचं मत होतं.

एका सकाळी नाना सलूनमध्ये तोंडाला फेस लावून बसले होते. बाकावरची माणसं मोबाइलमध्ये डोकी घालून खिदळत होती. न्हावीही हसायला लागला आणि वस्तरा हलायला लागला, तेव्हा नानांनी एकाचा मोबाइलच मागून घेतला. आधी पाटी आली, ‘फक्त मोठ्यांसाठी’. मग कार्टून सुरू झालं. पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतला एक ढेरपोट्या म्हातारा संडासात बसल्याबसल्या मरतो. बायको दारातून फक्त ‘अगं बाई’ म्हणते. यम येऊन त्याला रेड्यावर चढवतो, तर रेडाच खाली बसतो. मेलेला म्हातारा यमावर खेकसतो, “चढावर दुसरा गिअर टाक रे भाड्या.”

चड्डी नानांची होती. शिवीही नानांचीच. खाली नाव होतं, ‘नानानं खटलं, भाग पहिला’, म्हणजे नानांचा कुटुंबकबिला.

हे काम पुतण्याचं, ललितचं. ललित धुळ्यात दिवसभर पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स बनवायचा आणि उरल्या वेळात किरण नावाच्या मित्राबरोबर कार्टून करायचा. मुंबईच्या एका कंपनीला दाखवायला म्हणून केलेला हा कच्चा भाग किरणने चुकून घरच्या लग्नाच्या ग्रुपवर टाकला होता. तिथून तो गावभर झाला.

नाना अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले. “चाल, धुळे जानं शे,” एवढंच म्हणाले. पोराला फार लागू नये म्हणून बेबाबाईही निघाल्या.

किरणच्या खोलीत शिरताच नानांनी चप्पल काढून हातात घेतली. ललित टेबलामागे सरकला. “नाना, मारा, पण आधी मोठ्या पडद्यावर पूर्ण बघा.”

नानांनी चप्पल हातात धरूनच बघितलं.

“पोट इतलं शे का मन्हं?”

“कमी करूनच काढलंय, नाना.”

“अन् हाऊ आवाज कोन्हा शे? बकरीना?”

आवाज किरणने काढला होता. तेवढ्यात मागून हसणं ऐकू आलं. आधी पदराआडून, मग पदर सोडून. बेबाबाई भिंतीला टेकून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. नाना वळून बघतच राहिले. मग हसता हसता त्या एकदम थांबल्या.

“का रे ललित, दाल्ला मरी गया, अन् मी फक्त ‘अगं बाई’ म्हनस?”

“मग काय म्हणाल, काकू?”

“ते यास्ना समोर कसं सांगू?”

किरणने कपाट उघडलं. आत गोधड्या लावून माइक टांगलेला होता. “याच्यात सांगा,” तो म्हणाला.

आधी नाना आत गेले, कारण बकरीचा आवाज त्यांना मंजूर नव्हता. संवाद ठीक झाले, पण मरताना ते दर वेळी काहीतरी बोलत राहायचे. ललितने शेवटी हात जोडले, “नाना, आता मरा.” मग बेबाबाईंची पाळी आली. त्यांनी डोळे मिटले.

“ऊठ रे रेड्या. संडास कोन धुई, तुन्हा बाप?”

किरणने तोंडात रुमाल कोंबला. बेबाबाईंनी नानांचं घोरणं काढलं, विड्या काढल्या, नणंदा काढल्या. कागदावर यातलं काहीच नव्हतं. घरी ज्या माणसाला त्या कायम ‘तुम्ही’ म्हणत आल्या, त्याला कपाटात ‘तू’ म्हणत होत्या. मग त्याच सुरात म्हणाल्या, “मन्ही माय मरी गयी, तवय तू नरडाणाले पत्ते खेयी ऱ्हायंता. मी एकटी गऊ. घर परत उनू, त तू इचारं, भाजी काय शे.”

बेबाबाई बाहेर येऊन पाणी प्यायल्या.

“काकू, ते शेवटचं कापतो,” ललित हळूच म्हणाला.

“कापू नको,” नाना म्हणाले. चप्पल त्यांनी केव्हाच खाली ठेवली होती. “खरं शे ते.”

परतीच्या गाडीत साक्री मागे पडली. मग मान वळवून नानांनी विचारलं, “त्या दिन तू जेवनी व्हती का?”

“नही,” बेबाबाई म्हणाल्या.

मुंबईच्या कंपनीला भाग आवडला. फक्त संडास काढा, भाषा शुद्ध करा आणि बाईंच्या जागी नटी घ्या, असा निरोप आला. ललितने नाही म्हटलं आणि भाग तसाच इंटरनेटवर टाकला. असला शिवराळ माणूस नको म्हणून भजनी मंडळाने नानांकडून टाळ काढून घेतले. बेबाबाईंना हळदीकुंकवाला बायका घेराव घालून शिव्या द्यायला लावायच्या.

पुढच्या पितृपक्षात नाना सासूच्या श्राद्धाला म्हणून पहिल्यांदा सासुरवाडीला गेले. पुरुषांत न बसता स्वयंपाकघराच्या दारात फतकल मारून बसले आणि कोणी न सांगता भोपळा चिरायला लागले. आत बायका त्यांच्याबद्दलच बोलत होत्या. ते आले म्हणून कोणी बोलायचं थांबलं नाही.