बिनदाराची पेटी

दारव्ह्याचे सुतारचाचा दुसऱ्यानं सांगितलेल्या मापावर करवत चालवत नाहीत. आमच्या मोतीला विमानानं लेकीकडे कॅनडाला धाडायचं होतं. पेटीचं माप मी कागदावर लिहून नेलं. तो न उलगडताच चाचा म्हणाले, "कुत्रं आना. पेटीत काय कागद बसते?" मोतीला नेलं, तर त्याचे कान उभे होईस्तोवर शीळ घातली आणि कानासकट उंची घेतली.

पेटी दिली ती बिनदाराची. निघायला नऊच दिवस उरलेले, मी चिडलो.

"दार मांगून लावू. पह्यले त्याले घर तं वाटू द्या."

आठव्या दिवशी जाळीचं दार काखेत धरून स्वतःच आले. मोती पेटीत झोपला होता. चाचांनी आवाज न करता दार बसवलं. मोतीनं एक डोळा उघडला, त्यांना पाहिलं आणि पुन्हा मिटला. माझा जीव भांड्यात पडला.

"आता झाली पेटी," चाचा कुजबुजले.