सल्फरमधला एफ

चंद्रपूरहून गोंडपिपरीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. समोरच्या सीटच्या पाठीवर बोटाने काहीतरी लिहायची आणि तळव्याने पुसायची. तिथे पुसण्यासारखं काहीच उमटत नव्हतं.

"काय लिहून राह्यल्या, ताई?" मी विचारलं.

"सल्फर."

एका कारखान्यात प्रयोगशाळा मदतनिसाच्या मुलाखतीला ती गेली होती. साहेबाने फळ्यावर इंग्रजीत सल्फर लिहायला सांगितलं. तिने शाळेत शिकवलं तसं मध्ये पी-एच घालून लिहिलं. साहेब हसला. "आता एफ लिहितात. एवढं येत नाही, तर बाटल्या काय ओळखणार?" म्हणाला आणि पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मलाही सरांनी पी-एचच शिकवला होता, आणि त्या सरांमुळेच मी बीएस्सी झालो.

"दोन्ही चालतात, ताई," मी म्हणालो.

"तुमाले चालून काय फायदा, भाऊ? एफ कोनं ठरवला? आन् ठरवला तं आमच्या शाळेले कळवलं काऊन नाई?"



गोंडपिपरी आली. उतरताना तिने दुकानांच्या इंग्रजी पाट्यांकडे बोट दाखवलं.

"आमच्या गावाच्या नावात कोनी एम घालून पिंपरी करते, कोनी काढून पिपरी. सारं चालते. मलेच नाई चालू देल्लं."

मी अजूनही सल्फर पी-एच घालूनच लिहितो. मला नोकरी लागलेली आहे, त्यामुळे कोणी फळ्यासमोर उभं करत नाही.