एका चालीचं काळीज

जवळ ये गो, भाचीबाय. दाराशीच उभी राहून ‘मामा कसा आहे’ विचारतेस आणि उत्तर यायच्या आत चपला घालतेस. तुझं मुरबाड काय लंकेत आहे? बस. आणि त्याच्यासमोर नीट बोल, त्याला सगळं ऐकू येतं. तेव्हाही येत होतं.

भाताची झोडणी चालू होती तेव्हाच त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी छातीला चिकटपट्ट्या लावून ठोक्यांचा आलेख काढला. तुझा धाकटा मामा, म्हणजे माझा दीर, सोबत होता. त्याला बैलांची पारख. म्हशाच्या जत्रेत, बैलबाजारात, लोक त्याला हाताला धरून नेतात, दात बघायला. आलेख बघून तो खूश झाला. म्हणाला, “वहिनी, एकसारखी चाल बघ. दादाचं काळीज बिचकत नाय.”

बाई म्हणाल्या, “तेच तर बरं नाही. श्वास घेतला की ठोका जरा लवकर पडतो, सोडला की जरा उशिरा. काळजाला असं मागंपुढं होता आलं पाहिजे. यांचं एकाच चालीने चाललंय, म्हणून हात यायला जड जाईल असं वाटतं. पण हा अंदाज आहे. व्यायाम सोडू नका.”

दिराने खाटेकडे बघितलं, बैलाचा जबडा उघडून बघतो तसं. आमच्याकडे दात बघितले की बोलणं संपतं. सौदा होतो नाय तर मोडतो. बाईंचा अंदाज त्याने तसाच घेतला.

शहापूरहून व्यायाम करून घ्यायला एक पोरगी यायची. तिला दिराने येऊ नको म्हणून सांगितलं. मी बोलले तर हसला, “म्हाताऱ्या बैलाला नाल ठोकायला निघालीस काय, वहिनी?” माझा पोरगाही हसला. तुझा मामा उताणा पडलेला, डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. दीर म्हणाला, “लकव्यात डोळे पाझरतातच.”

जत्रा आली तशी दिराने आमची बैलजोडी विकायला काढली. आता औत धरणार कोण, म्हणे. अंगणातून नेताना पांढरा बैल पडवीशी अडला आणि खाट हुंगायला लागला. तेव्हा तुझ्या मामाच्या घशातून आवाज निघाला, “होऽ होऽ.” औत थांबवताना तो द्यायचा, तोच आवाज. लकव्यानंतरचा पहिला. बैलाने कान वळवले आणि पाय रोवले. एवढ्या माणसांत एका बैलाला कळलं.

“घशातून वारं सरतंय, दुसरं काय,” दीर म्हणाला आणि त्याने बैलाचं शेपूट पिरगाळलं. मी कासरा धरला होता. माझ्या पोराने माझी बोटं सोडवली. जपून सोडवली, बांगड्या फुटू नयेत म्हणून.

मग मीच लागले कामाला. कासऱ्याचा तुकडा घरात राहिला होता. तो त्याच्या उजव्या मुठीत द्यायचा आणि आपण ओढायचं. आता बोटं आवळतात. पुन्हा तपासणीला नेलं तेव्हा बाईंनी ती बोटं बराच वेळ हातात धरली. “व्यायाम थांबवा असं मी कधी म्हटलं? पहिले महिनेच कामाचे होते. तेव्हा केलं असतं, तर...”

दीर म्हणाला, “तुमीच म्हणाला होता ना बाई, चाल बरी नाय.” परत येताना गाडीत म्हणतो, “पुढच्या म्हशाला दादाला नेऊ. बसून बैल बघेल बिचारा.” तुझ्या मामाने मान खिडकीकडे वळवली. तेवढी आता वळते.

जातेस? मग आधी त्याच्या उजव्या अंगाला जा. मुठीत तुझं बोट दे आणि तो आवळेपर्यंत काढू नकोस. वेळ लागतो. फोनवरून विचारपूस करू नकोस बाय, फोनमधून बोट देता येत नाय. भाताची लावणी सुरू व्हायच्या आत एकदा ये, राहायलाच ये.