हिरव्या शाईतले त. ब.

ऑडिटरच्या कचेरीत आकडे जुळायला आठवडे लागतात, किस्से मात्र आपोआप साठतात. माझ्याकडचे सगळे किस्से मगदूमचे. सांगलीच्या आमच्या कचेरीत आम्ही दोघेच कारकून, तो आणि मी, देसाई, आणि सात वर्षं मी त्याच्यावर जळत काढली. आता सांगायला लाज वाटत नाही.

मगदूम जैन. दिवस मावळल्यावर अन्नाला शिवायचा नाही. त्यामुळे उन्हं कलली की टोपी डोक्यावर आणि सायकल रस्त्यावर. दुसऱ्या महायुद्धात कापडावर सरकारी कंट्रोल आला, वह्यांचे ढीग वाढले. एकदा साहेब म्हणाले, "मगदूम, आज जरा उशिरापर्यंत बसा."

"बसतो की साहेब. सूर्याला तेवढं थांबायला सांगा."

साहेब हसले. बसलो मी.

*

पित्तानं माझी झोप उडाली होती. त्यात आमची बायको रोज ऐकवायची, "मगदूमभावजी बघा, उजेडात घरी येतात. पोरांना कृष्णेवर नेतात." शेवटी मीच त्याला विचारलं, तुला झोप लागते तरी कशी?

"वह्या कचेरीत ठिवून जातो गड्या. घरी न्हेल्या तर त्यांना वाढायचं कुनी?"

मी घरी न्यायचो. वाढायची वेळही यायची नाही, भूकच मेलेली असायची.

*

मग मीही साहेबांना सांगितलं, की यापुढं आपणही दिवसाउजेडीच जेवणार, व्रत घेतलंय. साहेबांनी तासगावच्या एका कापड दुकानाची वही पुढं सरकवली. किरकोळ खर्चात व्यापाऱ्यानं इमानेइतबारे लिहिलं होतं, 'देसाई ऑडिटर, रात्रीचं जेवण, कोंबडी एक!'

व्रत तिथंच सुटलं.

*

मगदूमच्या सचोटीचं गावभर कौतुक व्हायचं. मला ते सोसायचं नाही. अहो, व्यापारी जे काही देतात ते दिवे लागल्यावर, जेवणाच्या पाटावर. हा तेव्हा घरी हात धुऊन मोकळा. याला सचोटी फुकटात मिळाली होती, असं माझं मत.

एका हळदीच्या व्यापाऱ्यानं मात्र भर दुपारी आंब्यांची करंडी आणून त्याच्या टेबलावर ठेवली. मगदूमनं पावतीपुस्तक काढलं. "कशाबद्दल लिवू शेठ? तुमीच सांगा."

करंडी परत गेली. म्हणजे दुकानात नाही, आमच्या घरी आली. आंबे चांगले होते.

*

साताऱ्याला नवी कचेरी निघायची होती. आमच्यातला एक तिथं मुख्य म्हणून जाणार. पगार वाढणार, आणि मोठं सुख म्हणजे तिथं मगदूम नसणार. मला ती जागा हवीच होती. साहेबांनी दोघांना एकमेकांच्या वह्या फेरतपासणीला दिल्या; ज्याची नजर तीक्ष्ण ठरेल, तो जाणार.

आमच्याकडं रीत अशी, की कारकुनानं वही तपासली की शेवटच्या पानावर हिरव्या शाईनं 'त. ब.' लिहायचं. तपासले, बरोबर. त्याखाली साहेब डोळे मिटून सही करायचे. तासगावच्या त्याच दुकानाच्या यंदाच्या वहीवर माझं 'त. ब.' होतं, साहेबांची सही व्हायची होती. वहीत होते तेवढे कापडाचे गठ्ठे दुकानात नव्हते, काळ्या बाजारात गेले होते. मला ठाऊक होतं. कोंबडी त्यानं वहीत लिहिली होती, माझ्या बायकोसाठी दिलेलं लुगडं लिहिलं नव्हतं.

मगदूम ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"गठ्ठे मोजलेस?"

"मोजले."

"वहिनींचं नवं लुगडं लय झ्याक हाय म्हनं. आमच्या घरात बोलत हुते."

कंट्रोलच्या दिवसांत नवं लुगडं लपतं कुठं? त्यानं हिरव्या शाईचा टाक माझ्यापुढं ठेवला. "दिवस मावळायला घटकाभर हाय. काय लिवायचं ते लिव."

मी 'त. ब.'च्या पुढं 'ना' लिहिलं. गठ्ठे कमी असल्याचंही खाली लिहिलं.

वही साहेबांकडं गेली. साहेबांनी चष्मा पुसला, पान दोनदा वाचलं. "बरोबर नाही? हे पकडलं कुणी?"

मी तोंड उघडलं. त्याआधी मगदूम बोलला, "अक्षर देसायांचं हाय साहेब."

"अस्सं! मग साताऱ्याला देसाईच जातील. तुमची काही हरकत, मगदूम?"

त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं, टोपी चढवली.

"न्हाई साहेब. येतो, जेवायचं हाय."