बाजाची जागा

ज्योतीराम त्रिभुवन चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासतात आणि काळेवाडीतल्या आपल्या चर्चसाठी चाली बांधतात. बांधतात त्या कंपनीच्या बसमध्येच, मोबाइल तोंडाशी धरून गुणगुणत. शेजारी बसणारा जयसिंग म्हणतो, "भाऊ, देवाला झोपू द्या जरा. आम्हालाही."

यंदा त्यांनी मिस्सेतल्या, म्हणजे रविवारच्या उपासनेतल्या, 'पवित्र, पवित्र' या गाण्याला नवी चाल लावली. चर्चच्या सणाला बिशप येणार होते, त्या दिवशी ती म्हटली जावी एवढीच इच्छा. दर दोन ओळींमध्ये कीबोर्डचा एक तुकडा घातला होता. तो त्यांचा फार लाडका.

पहिल्याच रविवारी चाल फसली. चर्चला येणारे बहुतेक नगरकडचे, भजनात वाढलेले. पुढच्यानं ओळ म्हणायची, मागच्यांनी झेलायची. गायकांची ओळ संपली, कीबोर्ड सुरू झाला आणि अख्खं चर्च तीच ओळ परत म्हणू लागलं. गायक दुसऱ्या ओळीवर, लोक पहिलीवर. शेवटी दोन्हीकडचे गप्प झाले.

चर्चचे फादर मूळचे वसईचे. ते नंतर म्हणाले, "ज्योतीराम, हे गाणं लोकांनी म्हणायचं असतं. त्यांना जमत नसेल तर सणाला जुनीच चाल घेऊ."

"पुढच्या रविवारी एकदा बघू या, फादर."

"एकदाच."

घरी पत्नी कस्तुराबाई भाकरी थापत होत्या.

"लोकांना कुठं थांबायचं तेच कळत न्हाई," ज्योतीराम म्हणाले.

"लोकं कशाला थांबतील? तुमचा बाजाच मधी आला."

"त्यो तुकडा चालीचा जीव हाय, कस्तुरा."

"मग त्यालाच बसवा बाकावर."

ज्योतीराम जेवले. मग हेडफोन लावून त्यांनी चाल पुन्हा ऐकली, दोनदा.

पुढच्या रविवारी कीबोर्डच्या तुकड्याच्या जागी काहीच नव्हतं. गायकांची ओळ संपली. पुढच्या बाकावरून म्हाताऱ्या मार्थाबाईंनी सवयीनं ती उचलली आणि मागचे सगळे बाक त्यांच्या पाठोपाठ. प्रत्येक ओळ अशीच गेली. शेवटची ओळ परत म्हणून होईपर्यंत फादर वेदीपाशी हात जोडून उभे राहिले.

"सणाला हीच," बाहेर आल्यावर ते म्हणाले.

मार्थाबाई चपला शोधत होत्या. "ज्योतीराम, मागच्या वेळचं ते नवं काढून टाकलं, बरं केलं बाबा. ही आपल्या राहुरीकडची जुनी चाल. माझी आई म्हणायची."

कस्तुराबाई पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागल्या.

"व्हय मावशी," ज्योतीराम म्हणाले. "तिकडचीच."