मागच्या थप्पीची लेबलं

देविदासमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोदामाच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो, स्कॅनरची बंदूक समोरच्या पोत्यांच्या थप्पीवर धरून. "बरं," म्हणालो आणि उरलेली थप्पी पुरी केली. मग मातीला त्यांच्या गावी, बोरीला निघालो. खोटं कशाला सांगू, रडू आलं नाही... भीती वाटली.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत. पाथरी रोडवरच्या आमच्या गोदामात ते जुने हमाल, मी सुपरवायझर. ही बंदूक आली, तीस-चाळीस फुटांवरून पोत्यावरचं लेबल वाचू लागली, आणि मी शेफारलो. मामा मात्र रोज शिडी लावून वर चढायचे, पोत्यात हात खुपसून माल गरम लागतोय का बघायचे. म्हणायचे, "साहेब, बंदूक लेबल बघती. आतलं सोयाबीन कोन बघनार?" मी सगळ्यांदेखत म्हणायचो, "मामा, माकडाचा जन्म संपला आता, उतरा खाली!" हमाल खिदळायचे. पुढं तर मी शिडीच कुलपात टाकली. ती मागायला ते रोज माझ्यापुढं उभे राहायचे, मी द्यायचो नाही अन् मला लय मजा यायची.

मागच्या थप्प्या पुढच्यांच्या आड, बंदुकीला दिसायच्या नाहीत. उठून जायचा आळस. मी त्यांची लेबलं पुन्हा छापली, दारासमोरच्या खांबावर चिकटवली आणि खुर्चीतूनच बंदूक मारायला लागलो. पीं, पीं... कागदावर माल ठणठणीत. तिकडं पत्रा गळत होता. थप्पी उघडली तेव्हा सोयाबीनचे काळे गोळे झालेले.

मालकानं विचारलं, "मागचं बघायचं काम कुणाचं?" सगळ्यांनी मामांचं नाव घेतलं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. "साहेब, शिडीचं सांगा की."

मी म्हणालो, "कसली शिडी?"

मालकानं ती कुजकी पोती त्यांच्या एकट्याकडून बाहेर काढून घेतली, ऐन बाजाराच्या दिवशी, सगळा रस्ता बघत असताना. संध्याकाळी हाकललं. तोवर मी खांबावरची लेबलं नखानं खरवडून टाकली होती. पुढं कुठल्याच गोदामात त्यांना कुणी उभं केलं नाही. माणूस झिजत गेला, आणि मी एकदाही फिरकलो नाही.

तेराव्यानंतर पुन्हा बोरीला गेलो तर मामींनी चहा टाकला. मामांनी घरात शिडीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मामी म्हणाल्या, "तुमी त्यांच्या जवळचे. पेपरात चांगलं लिवा त्यांचं, लोकं लय नावं ठेवायलेत." आणि मामांचा पोती ओढायचा लोखंडी आकडा माझ्या हातात दिला. त्याची मूठ त्यांच्या तळहातानं गुळगुळीत झालेली. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खावं तसा तो चहा मी प्यालो.

मामी, पेपरातलं हे तुम्ही शेजारणीकडून वाचून घ्याल. शिडी मी कुलपात टाकली होती. लेबलं मी लावली होती. मामांनी माल सडवला नाही. आकडा परत न्यायला कुणाला धाडू नका, मीच घेऊन येतो. मला घरात घेऊ नका. दारातच, चार माणसांसमोर, काय म्हणायचं ते म्हणा.